शिवणीतली माया

जून उजाडला की आमच्या आळीतल्या शिंप्याकडे आया आणि पोरांची झुंबड उडायची. शिंपीकाका छातीला टेप लावायचे, आणि वहीत आकडा उतरवायच्या आधी आई ठरलेलं वाक्य टाकायची, 'वाढत्या अंगाचा आहे, जरा सैलच ठेवा.' काका टेपवरची नजर न हलवता म्हणायचे, 'माया ठेवतो ना भरपूर.' माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. हा शब्द कुणी पहिल्यांदा वापरला असेल त्याला माझा नमस्कार. पुढच्या जूनमध्ये काका ब्लेडने दोरा उसवायचे आणि पँट दोन बोटं लांब करून द्यायचे. पायाशी मग एक पट्टा उघडा पडायचा, वर्षभर ऊन न लागलेला, गडद निळा. कोण किती वाढला ते वर्गात त्या पट्ट्यावरून कळायचं.

हा पट्टा मला इतक्या वर्षांनी आठवला तो थेट तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, एका चर्चपुढे उभा असताना.

गेलो होतो खरं तर तंजावरला. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ चा लांबलचक मराठी शिलालेख आहे, तो बघायचा होता. इतक्या लांब येऊन भिंतीवर मराठी वाचताना जो काय ऊर भरून यायचा तो आला. एक दिवस हाताशी उरला. लॉजवाला म्हणाला, तरंगंबाडीला जाऊन या, शंभरेक किलोमीटर आहे, समुद्र आहे. समुद्र आहे म्हटल्यावर मराठी माणूस जातोच.

तरंगंबाडी म्हणजे गाणाऱ्या लाटांचं गाव, असा अर्थ सांगतात. डेन्मार्कच्या लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून ही जागा मिळवली आणि वाळूत डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि डेन्मार्कवाले जागेचा वार्षिक पैसा भोसल्यांकडे भरू लागले. म्हणजे एका अर्थी हे आपले भाडेकरू. (हे मी तिथे मनातल्या मनातच म्हटलं.)

वेशीतून आत शिरलं की सरळ राजरस्ता. त्यावर दोन जुनी चर्चं आहेत. एक झायन, १७०१ चं, डॅनिश लोकांनी स्वतःसाठी बांधलेलं. दुसरं न्यू जेरुसलेम. त्याच्या दर्शनी भिंतीवर डेन्मार्कच्या राजाचा मुकुट, त्याच्या नावाची गुंफलेली अक्षरं आणि १७१८ हे साल. 'न्यू' म्हटलं की जुनं कुठाय हा प्रश्न आलाच. जुनं समुद्राने खाल्लं.

त्याची गोष्ट अशी. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याला आपल्या वसाहतीत लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे, धर्मोपदेशक पाठवायचे होते. त्याच्या देशातून कुणी मिळेना, म्हणून जर्मनीतल्या हाले गावच्या परंपरेतले दोन तरुण निवडले, बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइन्‍रिख प्लूत्शाउ. ९ जुलै १७०६ ला ते इथे उतरले. राजाने पाठवलेली माणसं म्हणजे थाटात स्वागत झालं असेल असं वाटतं, पण गावच्या डॅनिश अधिकाऱ्याला ती डोळ्यांसमोर नको होती. पुढे त्याने झिगेनबाल्गला चार महिने किल्ल्यात डांबूनही ठेवलं.

पण त्याआधी झिगेनबाल्ग तमिळ शिकला. गावातल्या शाळेत लहान पोरांच्या रांगेत मांडी घालून बसायचा आणि वाळूत बोटाने अक्षरं गिरवायचा, असं सांगतात. विशी ओलांडलेला गोरा बाप्या आणि शेजारी सहा-सात वर्षांची पोरं. त्या वर्गात सगळ्यात मोठ्या मापाचा तोच. १७०७ साली, म्हणजे मार्चमध्ये आपल्याकडे नगरजवळ औरंगजेब वारला त्याच साली, पहिले बाप्तिस्मे झाले. ते डॅनिश घरांतल्या गुलामांचे होते. आणि १४ ऑगस्टला समुद्राजवळ एक छोटं चर्च उघडलं, जेरुसलेम. उपासना तमिळमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये, कारण बंदरातली मिश्र वस्ती पोर्तुगीज बोलायची. डॅनिश राजा, जर्मन पाद्री, तमिळ आणि पोर्तुगीज प्रार्थना, आणि जमिनीचा पैसा मराठी राजाला. आजच्या एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये यापेक्षा कमी घोळ असतो.

मापाची एक गंमत पुढेच आहे. छापखाना आला आणि तमिळ अक्षरांचे खिळे जर्मनीत ओतून आले. ते झाले भलतेच मोठे. त्या अक्षरांत बायबलचा नवा करार छापायचा तर गावातला सगळा कागद संपला असता. मग इथेच नवे, बारीक खिळे पाडले. इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांचं शिसं त्यासाठी वितळवलं, अशी आख्यायिका आहे. १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला. अक्षरं आत घ्यावी लागली आणि चर्च सैल करावं लागलं, एकाच माणसाला, चार-पाच वर्षांच्या आत.

कारण जेरुसलेम पुरेना, शिवाय समुद्र त्याच्यावर चालून येत होता. झिगेनबाल्ग मधे युरोपात जाऊन लग्न करून आला. फेब्रुवारी १७१७ मध्ये त्याने नव्या चर्चचा पाया घातला, समुद्रापासून सुरक्षित अंतरावर, थेट राजरस्त्याला लागून. हे चर्च क्रुसाच्या आकाराचं आहे, चारी बाजूंना हात पसरलेलं. भिंती अशा जाड की दुपारी दोनला त्यांना टेकून उभं राहिलं तर पाठ गार पडते. त्या वेळच्या मंडळीला हे नक्कीच ढगळ झालं असणार. वाढत्या अंगाचं, म्हणून घेतलेलं.

११ ऑक्टोबर १७१८ ला ते उघडलं. २३ फेब्रुवारी १७१९ ला झिगेनबाल्ग गेला. छत्तीस वर्षांचा होता. नवं चर्च त्याला लाभलं ते साडेचार महिने. आतच त्याला पुरलंय. मी तिथे उभा राहून बोटांवर महिने मोजले, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, आणि पुन्हा एकदा मोजले. दिवाळीला शिवलेला शर्ट होळीपर्यंतसुद्धा अंगावर टिकला नाही म्हणायचा.

एक गोष्ट मात्र लपवण्यात अर्थ नाही. क्रुसाचे हात पसरलेले असले तरी त्यांच्यात बसणारे एकत्र बसत नसत. जातीप्रमाणे जागा वेगळ्या होत्या, आणि पाद्र्यांनी ते बराच काळ चालवून घेतलं. कापड कितीही रुंद असो, जुनी घडी उमटतेच. आपण मराठी माणसांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही, आपल्या पंगती काही फार वेगळ्या नव्हत्या.

तरी अंग वाढत गेलं. शेजारच्या पोरैयारला चर्च झालं. १७३३ मध्ये आरोन नावाचा माणूस, मूळचा आरुमुगम, पहिला भारतीय लुथरन पाद्री झाला. आणि १७५० मध्ये जहाजातून उतरला क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ. तो तरंगंबाडीहून तिरुचिरापल्लीला आणि तिथून तंजावरला गेला. तुळजाजी राजांनी मरताना आपला दत्तक मुलगा त्याच्या हवाली केला. तोच सरफोजी, ज्याने पुढे तो शिलालेख कोरवला, ज्याच्या वाड्यात देवनागरी छापखाना चालला. वाळूत अक्षरं गिरवणाऱ्यांच्या परंपरेतला माणूस एका भोसल्याचा मास्तर झाला. राजा हिंदूच राहिला आणि मास्तर पाद्रीच राहिला. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ गेला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसला. राजाने लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते तंजावरला किल्ल्यातल्या, शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये आहे. पलंगावर म्हातारा मास्तर, त्याचा हात हातात घेतलेला राजा, आणि बाजूला शाळेतली तीन पोरं. मास्तरांच्या कबरीवरची इंग्रजी कविता राजाने स्वतः रचलेली.

डेन्मार्कने १८४५ मध्ये तरंगंबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकलं. बंदराचा जोर गेला, माणसं पांगली. १९१९ मध्ये तमिळ लुथरन मंडळींची स्वतंत्र संस्था झाली. तिचं मुख्यालय आहे तिरुचिरापल्लीला, पण तिच्या बिशपांची पदवी आजही 'तरंगंबाडीचे बिशप' अशीच आहे. तीन पिढ्या पुण्यात काढून आडनाव 'पेणकर' लावतात तसंच.

गाव आता लहान आहे, दुपारी तर चिडीचूप. चर्च गावाच्या अंगावर सैल लोंबतंय असं मला वाटलं. बाहेर समुद्राकडे गेलो, तर १३०६ मध्ये बांधलेलं मासिलामणीनाथाचं देऊळ पाण्याने पोखरलेलं दिसलं. तिथेच कट्ट्यावर बसलो आणि वडील आठवले.

शेवटच्या वर्षी ते फार वाळले होते. शर्ट हँगरला अडकवल्यासारखे दिसायचे. तीन-चार शर्ट घेऊन मी त्याच शिंपीकाकांकडे गेलो. काकाही थकले होते, आता सुईत दोरा नातू ओवायचा. म्हटलं, बाजूने कापून अंगासरसे करून द्या. काकांनी शर्ट उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, 'कापत नाही. आत दुमडून टीप घालतो. अंग भरलं तर पुन्हा उसवता येईल.'