तुम्ही विचारलंत म्हणून : अपग्रेड करू, की फॉरमॅट मारू?

अमळनेरच्या माझ्या दुकानात जुना संगणक घेऊन येणारा माणूस कॅबिनेट टेबलावर ठेवण्याआधीच विचारतो, "भाऊ, याच्यावर नवीन विंडोज चढेल, की फॉरमॅट मारावा लागेल?" हा प्रश्न मला पूर्वीही विचारला जात असे, पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नेहमीच्या सुधारणा थांबवल्यापासून शाळेतले सर, आडत्यांचे मुनीम आणि सेवा केंद्र चालवणारी मुले हाच प्रश्न घेऊन येऊ लागली आहेत. फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्क पुसून विंडोज कोरे टाकणे, आणि अपग्रेड म्हणजे काही न पुसता आहे त्या विंडोजवरून नव्यावर जाणे. दुकानात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी खारी माती टाकतात. जुना थर तसाच राहतो, त्यावर नवा चढतो, आणि वर्षानुवर्षांच्या ओझ्याने तुळया वाकू लागतात. अपग्रेड म्हणजे असाच थरावर थर, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोजची रीत वेगळी आहे. अपग्रेड करतानाही सेटअप नवी प्रणाली संपूर्णच उतरवतो, जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवतो, आणि मग जुन्यातले प्रोग्राम, त्यांच्या नोंदी आणि चालतील ते ड्रायव्हर (प्रिंटरसारखी जोडलेली यंत्रे चालवणारे छोटे प्रोग्राम) नव्यात आणून बसवतो. म्हणजे छत नवेच पडते; माळ्यावरचा पसारा तेवढा जसाच्या तसा नव्या माळ्यावर जातो. भंगारात गेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, अर्धवट काढलेला अँटिव्हायरस आणि संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे डझनभर प्रोग्राम हे सगळे त्या पसाऱ्यात असते. फॉरमॅट मारून टाकलेल्या विंडोजमध्ये यातले काहीच नसते. मात्र त्याच माळ्यावर ठेवलेली कामाची वस्तूही नसते.

आता, संगणक हळू चालतो म्हणून फॉरमॅट मारा, असे सांगणाऱ्यांची गोष्ट. धरणगावच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातून, आलेल्या संगणकावर दोन वर्षांत तीन वेळा फॉरमॅट झाला होता, आणि दर वेळी चार दिवस बरा चालून तो पुन्हा मंद होत असे. मी कॅबिनेट उघडले तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली, धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये, रुईचा नमदा बसलेला होता, इतका घट्ट की चिमट्याने उचलल्यावर तो चौकोनी वडीसारखा अखंड निघून आला. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याला तापायला निमित्तही लागत नाही. त्या संगणकाला ब्रश आणि नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप) एवढेच औषध हवे होते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क. विंडोज १० आणि ११ मागच्या बाजूला सतत इतके वाचन-लेखन करत असतात की ही डिस्क कायम शंभर टक्के गुंतलेली दिसते. तेथे एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, बसवल्याने जो फरक पडतो, तो दहा वेळा विंडोज टाकूनही पडत नाही. त्यामुळे कॅबिनेट उघडून पाहिल्याशिवाय मी अपग्रेड किंवा फॉरमॅट यांपैकी कशालाच होकार देत नाही.

काही संगणकांच्या बाबतीत निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही. दोन जीबी रॅमच्या काळात आपल्याकडे सर्रास ३२ बिटचे विंडोज ७ टाकले गेले. ३२ बिटवरून ६४ बिटवर अपग्रेड होत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणजे तेथे कोरी मांडणीच करावी लागते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना प्रणाली खरी आहे का ते तपासण्याची सोय) आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ही अट चुकवून जुन्या यंत्रावर ११ चढवून देणारे लोक आहेत, आणि ते चढतेही. पण पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, म्हणून ज्या संगणकावर कोणाचे हिशेब आहेत त्यावर मी हा प्रयोग करत नाही. कोअर टू ड्युओ हा इंटेलचा जुना प्रोसेसर तर ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच करू शकत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा त्या प्रोसेसरला कळतच नाहीत. अशा यंत्रावर केवळ इंटरनेट आणि पत्रलेखन एवढेच काम असेल तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून देतो.

ज्या संगणकांवर दोन्ही गोष्टी शक्य आहेत, त्यांच्यासाठी मी ग्राहकाला एकच उलट प्रश्न विचारतो : यावर असे काय आहे, जे तुम्हाला पुन्हा टाकता येणार नाही? बहुतेक जण उत्तर देतात, "काही नाही, सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे." हे उत्तर मी आता मानत नाही, त्याचे कारण माझीच एक चूक आहे.

२०१६ साली, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पंधरा दिवस आधी, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका नानांचा संगणक माझ्याकडे आला होता. विंडोज ७ वरून १० वर जाणे तेव्हा फुकट होते; ती मुदत २९ जुलै २०१६ पर्यंत होती. अपग्रेडचा मला त्या काळी तिटकाराच होता. मी नानांचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पत्रिकांचे सर्व फोल्डर बाहेर काढले, सी ड्राइव्ह साफ केला आणि विंडोज १० नव्याने टाकले. संध्याकाळी नानांनी कोरल या पत्रिका जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये एक पत्रिका उघडली. फुलांची वेलबुट्टी, गणपती, सोनेरी चौकट असे सगळे जागच्या जागी होते. फक्त वर मधोमध ‘श्री’ हवे होते तेथे मोठा जे आणि लहान एच अशी दोन रोमन अक्षरे उभी होती. खाली वधू-वरांच्या नावांच्या जागी तसलीच रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे सांडलेली होती. नाना पडद्याकडे पाहत म्हणाले, "समदं गयं का भो?"

गेलेले काही नव्हते, आणि तरीही सगळे गेले होते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर हे केवळ चित्र असते. फाइलमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरेच, आणि त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवण्याचे काम फॉन्ट करतो. युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीमध्ये ‘श्री’ हे ‘श्री’ म्हणूनच साठवले जाते, म्हणून तेथे फॉन्ट बदलला तरी मजकूर वाचता येतो. नानांचे सगळे फॉन्ट विंडोजच्या आत, फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये होते, आणि तोच ड्राइव्ह मी पुसला होता. अपग्रेड केले असते तर ते जागेवरच राहिले असते. फॉरमॅट न मारता त्याच जागी विंडोज टाकले असते, तरी ‘विंडोज डॉट ओल्ड’मधून ते काढता आले असते.

त्या रात्री नानांच्या माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेला त्यांचा आधीचा संगणक आम्ही खाली काढला, त्याची डिस्क अडॅप्टर लावून जोडली आणि तिच्यातला फॉन्ट्सचा फोल्डर उचलला. बहुतेक पत्रिका पुन्हा मराठी बोलू लागल्या. मधल्या वर्षांत घेतलेले दोन फॉन्ट मात्र कुठेच सापडले नाहीत, आणि त्यांतल्या चार पत्रिका नानांच्या मुलाने जागून पुन्हा जुळवल्या. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. नानांनी ते देऊही केले नव्हते, हेही खरे.

तेव्हापासून मी आधी अशा वस्तूंचीच चौकशी करतो : डोंगलवर (यूएसबीत खोचायच्या किल्लीवर) चालणारे सॉफ्टवेअर, ज्याची सीडी हरवली आहे असा हिशेबाचा प्रोग्राम, सी ड्राइव्हच्या मुळाशीच पडलेला त्याचा डेटा, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, वजनकाट्याला जोडलेली एखादी छोटी प्रणाली जिचा बनवणारा आता फोन उचलत नाही. यांपैकी काही सापडले आणि संगणक नव्या विंडोजच्या अटीत बसत असला, तर मी अपग्रेडच करतो. ते पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून होत नाही. जुन्या विंडोजमध्ये राहूनच सेटअप चालवावा लागतो. आणखी एक बारकावा म्हणजे जुने विंडोज साध्या इंग्लिशचे आणि नवे इंग्लिश इंटरनॅशनलचे असेल, तर प्रोग्राम तसेच ठेवण्याचा पर्यायच मिळत नाही. अपग्रेड पटले नाही तर दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते; त्यानंतर जुनी प्रणाली आपोआप पुसली जाते. विजेचा भरवसा नसल्याने यूपीएसशिवाय मी हे काम सुरू करत नाही.

लायसनची भीती मात्र अनाठायी असते. एकदा रीतसर सुरू झालेल्या विंडोज १० किंवा ११ चा परवाना त्या मदरबोर्डच्या नावे नोंदलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा टाकताना किल्ली विचारली तर ती पायरी ओलांडून पुढे जावे, इंटरनेट जोडल्यावर परवाना ओळखला जातो. चोरट्या अ‍ॅक्टिव्हेटरने (परवाना नसताना विंडोज चालू करून देणाऱ्या प्रोग्रामने) चालवलेले विंडोज असेल तर मी अपग्रेडला साफ नकार देतो, कारण त्या अ‍ॅक्टिव्हेटरसोबत आणखी काय शिरले आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

आणि ज्यांना एसएसडीचा खर्च परवडतो त्यांच्या बाबतीत मी फॉरमॅट मारतच नाही. नव्या एसएसडीवर कोरे विंडोज टाकतो, लागणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवरून आणतो, आणि ती जुनी डिस्क एक बाइटही न पुसता खाकी पाकिटात घालून, वर तारीख लिहून मालकाच्या हाती देतो. सहा महिने हिला हात लावू नका, एवढेच बजावतो. पारोळ्याचे एक सर पाकीट नेल्यापासून सातव्या दिवशी ते घेऊन परत आले. शाळेच्या कामाचा एक पासवर्ड त्यांनी कधी लिहूनच ठेवला नव्हता. तो ब्राउझरच्याच लक्षात होता. असा पासवर्ड त्या विंडोजच्या खात्याला बांधलेला असतो, नुसता फोल्डर उचलून आणल्याने तो वाचता येत नाही. आम्ही एसएसडी काढली, जुनी डिस्क जोडली, त्यांचे जुने विंडोज नेहमीच्या संथपणे सुरू होईपर्यंत चहा घेतला, पासवर्ड त्यांच्या डायरीत उतरवला आणि डिस्क पुन्हा पाकिटात घातली.