‘कार्यकत्र्यांनी’ आणि इंग्रजी झालेले पान नंबर

सकाळी दहाला गुरुजी प्रूफ घेऊन आले ते लाल पेनाच्या खुणांनी भरलेलं. पहिल्याच पानावर ‘कार्यकत्र्यांनी’ला गोल, त्याखाली ‘विद्याथ्र्यांनी’ला गोल, आणि खालच्या कोपऱ्यात पान नंबराला दोनदा गोल. “अहो, हे पान नंबर इंग्रजी कामून झाले? मागच्या आवृत्तीत मराठी होते की.”

पुस्तक परभणी जिल्ह्यातल्या गावांमधल्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचं. जुनी फाईल पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली. सुरुवातीची ८ पानं आणि मजकुराची २९६, एकूण ३०४. डेमी आकारात १६ पानांचा फॉर्म (एकत्र छापून घडी घालायचा पानांचा गट) धरला तर बरोबर १९ फॉर्म. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात दुसरी आवृत्ती हवी होती आणि या वेळी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवरही वाचता आणि शोधता येईल असा. फाईल इनडिझाइन सीएस६ या नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, कारण त्यापुढच्या सीसी आवृत्त्या पेजमेकरची फाईल थेट घेत नाहीत.

आधी रफाराचं. जुन्या फाँटमध्ये मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो: वेलांटी अक्षरानंतर, रफाराचा र् अक्षराच्या आधी. म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरला रफार उचलून मागे न्यावा लागतो. कच्चा कन्व्हर्टर तो एकच अक्षर मागे नेतो, पूर्ण जोडाक्षराच्या मागे नेत नाही. ‘र्त्या’मधला र् असा त् आणि य यांच्या मध्ये पडला की ‘त्र्या’ तयार होतो. ‘धर्म’, ‘वर्ष’ व्यवस्थित येतात, म्हणून दोन-चार ओळी तपासून काम बरोबर झालं असं वाटतं. तपासायचं ते जोडाक्षरावरच्या रफाराने.

दुरुस्ती सरसकट बदलाने करायची नाही. ‘त्र्या’ शोधून ‘र्त्या’ केलं तर ‘मंत्र्यांनी’, ‘कुत्र्याला’, ‘छत्र्या’, ‘त्र्याहत्तर’ हे मूळचे बरोबर असलेले शब्द मोडतात, आणि निजामाच्या काळावरच्या पुस्तकात मंत्री पानोपानी आहेत. ‘कत्र्या’ शोधून ‘कर्त्या’ केलं, ‘थ्र्या’ शोधून ‘र्थ्या’ केलं. बाकीचे ‘त्र्या’ एकेक बघत गेलो. तासाभराचं काम आहे, ते वाचवू नये.

‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांनी’ यांचं दुखणं वेगळं. इथे अर्धा र आडवा हवा, पण कन्व्हर्टरने साधा र् दिल्यामुळे य वर रफार चढला. कन्व्हर्जन झाल्यावर हे सुटत नाही, कारण ‘आचार्यांनी’, ‘सूर्याची’ यांत तोच र्या योग्य आहे. दोन्ही सारखेच दिसायला लागले की भेद गेला. भेद असतो तो जुन्या फाईलमध्ये, कारण तिथे आडव्या र ला स्वतःचा कोड असतो. म्हणून जुना मजकूर पुन्हा काढला, टेक्स्ट एडिटरमध्ये तो एक कोड शोधून त्याजागी थेट युनिकोडचा ऱ् टाकला आणि मगच कन्व्हर्टर चालवला. युनिकोड अक्षराला तो हात लावत नाही, त्यामुळे सगळे ‘शेतकऱ्यां’ नीट आले.

तिसरी अडचण ‘पोलीस ॲक्शन’ची. १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली कारवाई म्हटल्यावर हा शब्द पुस्तकात येणारच. कन्व्हर्टर अ आणि अर्धचंद्र वेगवेगळे देतो; नव्याने टाइप केलेल्या मजकुरात ॲ हे एकच अक्षर असतं. त्याला स्वतंत्र स्थान युनिकोडच्या २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत मिळालं, त्याआधीच्या फाँटमध्ये तिथे रिकामी चौकट दिसते. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधला की दुसरा सापडत नाही. सगळीकडे एकच रूप केलं. जोडीला पॅरेग्राफ स्टाईलच्या जस्टिफिकेशन भागात कंपोझर, म्हणजे अक्षरं आणि ओळी जुळवणारी सोय, बदलून वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर घेतला. तो नसेल तर युनिकोड बरोबर असूनही वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात.

आता पान नंबर. मजकुरातले अंक दहा वेळा शोध-बदल करून मराठी केले होते, पण कोपऱ्यातला नंबर बदलत नव्हता. बदलणार कसा? मास्टर पेजवर, म्हणजे सगळ्या पानांच्या साच्यावर, अंक नसतोच, कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एन ने टाकलेली खूण असते. त्या जागी सॉफ्टवेअर इंग्रजी अंकाचा कोड पाठवतं. जुन्या फाँटने त्या कोडच्या जागी १, २, ३ ची चित्रं ठेवली होती, म्हणून नंबर मराठी दिसायचे. खरं तर ते आधीपासून इंग्रजीच होते. युनिकोड फाँट लावताच ते उघडे पडले.

पान नंबरासाठी वेगळी कॅरेक्टर स्टाईल केली आणि तिच्यात जुनाच फाँट ठेवला. अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली होती, ती टेबल ऑफ कंटेंट्सने नव्याने काढली आणि तिथल्या पान क्रमांकालाही हीच स्टाईल दिली. अनुक्रमणिकेतले अंक शोध-बदलाने मराठी करता येतात, पण अपडेट केलं की पुन्हा इंग्रजी होतात. मोबाईलच्या आवृत्तीत पान नंबर लागत नाही, त्यामुळे तिथे जुना फाँट शिरला नाही.

मजकूर ओतल्यावर पानं ३०४ ची ३२२ झाली. जुन्या फाँटचा १४ पॉइंट आणि नव्याचा १४ पॉइंट डोळ्यांना सारखे नसतात. ३२२ म्हणजे २० फॉर्म आणि वर २ पानं. दोन पानांसाठी एकविसावा फॉर्म कोण छापणार? अक्षर १२.५ पॉइंटवर आणलं, ओळींमधलं अंतर १८ तसंच ठेवलं, आणि पुन्हा ३०४ मध्ये बसलं. गुरुजींना दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली. म्हणाले, “वाचायला काही त्रास नाही, राहू द्या.”

संध्याकाळी प्रेसला फॉर्मवार पीडीएफ काढताना शेवटची चूक हाती लागली. सुरुवातीची ८ पानं रोमन आकड्यांत, नवव्या पानापासून नवा सेक्शन १ पासून. प्रिंटच्या चौकटीत पहिल्या फॉर्मसाठी १ ते १६ टाकलं की इनडिझाइन सेक्शनमधला १ घेतं, म्हणजे फाईलमधलं नववं पान. सुरुवातीची आठ पानं कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाहीत आणि पुढचा प्रत्येक फॉर्म आठ पानांनी सरकतो. आकड्याआधी अधिकचं चिन्ह दिलं की फाईलमधलं खरं पान धरलं जातं: +१ ते +१६, मग +१७ ते +३२. प्लेट बनायच्या आधी पहिले दोन फॉर्म साध्या कागदावर काढून घडी घातली. दुसऱ्या फॉर्मच्या पहिल्या पानावर ९ आला, तेव्हा फाईल प्रेसला पाठवली.