ट्रायग्लिसराइड वाढलंय, पण कोणत्या कणात?

लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) ६४० मिलिग्रॅम/डेसिलिटर आलं की सल्ला बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: तेल-तूप बंद, रोज चाला, ही गोळी घ्या, तीन महिन्यांनी दाखवा. सल्ला वाईट नाही, अर्धवट आहे. ट्रायग्लिसराइड रक्तात सुटं फिरत नाही, लायपोप्रोटीनच्या, म्हणजे चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनयुक्त, कणांत भरून फिरतं. हे ६४० आतड्यातून आलेल्या कायलोमायक्रॉनमध्ये आहे, यकृतानं बनवलेल्या व्हीएलडीएलमध्ये आहे, की दोन्हींच्या अर्धवट रिकाम्या झालेल्या अवशेषांत, यावर धोका हृदयाला जास्त की स्वादुपिंडाला हे ठरतं. ताटातलं काय कमी करायचं तेही त्यावरच ठरतं.

हे ओळखायची सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे लॅबमधला फ्रिज. बारा तास उपाशीपोटी घेतलेलं रक्त फिरवून सीरम वेगळं करायचं, दोनेक मिलिलिटर अरुंद पारदर्शक नळीत घ्यायचं, झाकण लावून ४ अंशांवर रात्रभर उभं ठेवायचं. नळी हलवायची नाही आणि फ्रीझरमध्ये तर अजिबात ठेवायची नाही, गोठवलं की कण फुटतात. सकाळी नळीमागे छापील कागद धरून बघायचं. वर सायीसारखा पांढरा थर आणि खाली नितळ पिवळं सीरम असेल, तर कायलोमायक्रॉन साठलेत. थर नाही, पण सगळं सारखंच गढूळ आणि मागची अक्षरं वाचता येत नाहीत, तर व्हीएलडीएल किंवा अवशेष. वर थर आणि खालीही गढूळ, म्हणजे दोन्ही. कायलोमायक्रॉन पाण्याहून इतके हलके असतात की नुसतं उभं ठेवलं तरी वर येतात. व्हीएलडीएलला त्यासाठी अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगानं फिरवणारं यंत्र) लागतं. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉलचे कण) आणि एचडीएल ('चांगल्या' कोलेस्टेरॉलचे) इतके लहान असतात की प्रकाश विखुरतच नाहीत. म्हणून एलडीएल ३०० असलेल्या माणसाचंही सीरम स्वच्छ दिसतं.

एक चौथी शक्यता असते आणि ती बरेचदा नजरेतून सुटते: मशीन ६०० म्हणतंय आणि सीरम काचेसारखं नितळ आहे. नेहमीच्या किट ट्रायग्लिसराइड फोडून त्यातलं ग्लिसरॉल मोजतात. रक्तात आधीच सुटं ग्लिसरॉल असेल तर तेही हिशेबात धरलं जातं. ग्लिसरॉल कायनेज या एन्झाइमची जन्मजात उणीव असलेल्या पुरुषांत असंच होतं, आणि औषधं कितीही बदलली तरी आकडा हलत नाही. ग्लिसरॉल ब्लँक लावून, म्हणजे सुटं ग्लिसरॉल वजा करून, पुन्हा मोजलं की उलगडा होतो.

नमुना मात्र खरोखर उपाशीपोटीचा हवा. उपासाची साबुदाणा खिचडी खाऊन किंवा दुधाचा चहा घेऊन आलेला माणूस 'काही खाल्लं नाही' असं अगदी मनापासून सांगतो. जेवणानंतर काही तास कायलोमायक्रॉन प्रत्येकाच्याच रक्तात असतात. आयसीयूत प्रोपोफोल (स्निग्ध द्रावणात मिसळून देतात ते भुलीचं औषध) किंवा शिरेतून स्निग्ध द्रावण चालू असेल, तर त्या नमुन्यावरून प्रकार ठरवायच्या फंदात पडू नये.

या प्रकारांना क्रमांक दिले ते अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या फ्रेडरिकसन, लेव्ही आणि लीस यांनी, १९६७ साली. टाइप १ म्हणजे फक्त कायलोमायक्रॉन, ४ म्हणजे फक्त व्हीएलडीएल, ५ म्हणजे दोन्ही, ३ म्हणजे अवशेष. आणि २बी (हा फाटा नंतर पाडला गेला) म्हणजे एलडीएल आणि व्हीएलडीएल दोन्ही जास्त. हे वर्गीकरण आता जुनं म्हणून बाजूला टाकतात. जनुकीय कारण त्यातून कळत नाही, हे खरं. पण कण कोणता हे ते सांगतं, आणि उपचाराला आधी तेवढंच हवं असतं.

आपल्याकडे सर्वाधिक दिसतो तो २०० ते ५०० मधला व्हीएलडीएलचा प्रकार, सोबत पोट सुटलेलं, साखर काठावर आणि एचडीएल कमी. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीत (२०१४) ७२.३ टक्के लोकांत एचडीएल कमी आणि २९.५ टक्के लोकांत ट्रायग्लिसराइड जास्त आढळलं. या दोन गोष्टी एकमेकींच्या मागे येतात, त्याचं कारण कणांच्या देवघेवीत आहे. यकृत चरबीनं फुगलेले मोठे व्हीएलडीएल सोडतं. सीईटीपी नावाचं प्रथिन त्यांच्यातलं ट्रायग्लिसराइड एलडीएल आणि एचडीएलमध्ये टाकतं आणि बदल्यात कोलेस्टेरॉल एस्टर घेतं. मग हेपॅटिक लायपेझ (यकृतातलं एन्झाइम) हे आत आलेलं ट्रायग्लिसराइड पचवतं आणि कण आक्रसतात. एचडीएल आक्रसलं की त्याचं प्रथिन सुटून मूत्रपिंडातून निघून जातं, म्हणून एचडीएल कमी. एलडीएल आक्रसलं की लहान आणि घट्ट होतं, यकृताच्या रिसेप्टरला नीट धरता येत नाही, रक्तात जास्त काळ राहतं.

इथे रिपोर्ट फसवतो. लहान कणात कोलेस्टेरॉल कमी मावतं, म्हणून 'एलडीएल ११८, ठीक आहे' असं दिसतं, पण कणांची संख्या वाढलेली असते. समजा एकूण कोलेस्टेरॉल २२०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड ३५०. फ्रीडवाल्डच्या १९७२ च्या सूत्राप्रमाणे व्हीएलडीएल म्हणजे ३५० भागिले ५, ७०. एलडीएल म्हणजे २२० उणे ३२ उणे ७०, ११८. हे सूत्र ४०० च्या पुढे वापरायचंच नसतं, आणि २०० च्या पुढेच ते डळमळू लागतं. त्याऐवजी २२० मधून ३२ वजा करा: नॉन-एचडीएल १८८. याला सूत्र लागत नाही, उपास लागत नाही, आणि धमनीत शिरणारे सगळे कण त्यात येतात. नॉन-एचडीएलचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्याहून ३० ने जास्त धरतात. एलडीएल १०० खाली हवं असेल तर हे १३० खाली हवं. म्हणजे हा 'ठीक' रिपोर्ट ५८ ने हुकलेला आहे. छापील रिपोर्टवर नॉन-एचडीएल बहुधा खालच्या ओळीत असतं आणि तिकडे कुणी बघत नाही.

परवडत असेल तर एकदा ॲपो-बी (कणांवरच्या एका प्रथिनाची तपासणी) करून घ्यावं. प्रत्येक व्हीएलडीएल, अवशेष आणि एलडीएल कणावर ॲपो-बीचा एकच रेणू असतो, म्हणजे ही थेट कणांची मोजणी. माझ्या मते ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसात एलडीएलपेक्षा हीच तपासणी जास्त कामाची आहे. २०२२ साली निकाल आलेल्या प्रॉमिनेंट चाचणीत मधुमेह्यांना पेमाफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध दिलं. ट्रायग्लिसराइड चांगलं उतरलं, ॲपो-बी मात्र किंचित वाढलं, आणि हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत.

टाइप ३ दुर्मीळ आहे, पण चुकवू नये असा, कारण तो उपचाराला झकास प्रतिसाद देतो. एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही ३५०-४०० च्या आसपास, जवळपास सारखे, ही पहिली खूण. अवशेष कोलेस्टेरॉलनं भरलेले असतात, त्यामुळे 'भागिले ५' इथे साफ कोसळतं आणि डायरेक्ट (सूत्राविना थेट मोजलेलं) एलडीएल अनपेक्षितपणे कमी येतं. ॲपो-बीही त्या मानानं कमी. एकूण कोलेस्टेरॉलला ॲपो-बीनं भागायचं (दोन्ही मिलिग्रॅममध्ये). कोलेस्टेरॉल ३८०, ॲपो-बी १०५ तर भागाकार ३.६, साधारण अडीचच्या वर गेला की शंका घ्यायची. साध्या २बीमध्ये कोलेस्टेरॉल २६०, ॲपो-बी १४० असं असतं, भागाकार दोनच्याही खाली. आणि हात बघायचा. उजेडात तळवा किंचित ताणून धरला की रेषांमध्ये पिवळट-नारिंगी रंग दिसतो. हा रंग दिसला तर टाइप ३ जवळजवळ नक्कीच. मुळाशी बहुधा ॲपो-ई२ या जनुकप्रकाराच्या दोन प्रती असतात, पण तेवढ्यानं भागत नाही. थायरॉइड, मधुमेह, वजन, दारू असं दुसरं काहीतरी जोडीला लागतं. म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आधी.

आता ट्रायग्लिसराइड हजारच्या वर असलेला माणूस. कायलोमायक्रॉन आणि व्हीएलडीएल दोन्ही रिकामे करणारं एन्झाइम एकच, लायपोप्रोटीन लायपेझ. साधारण ५०० च्या पुढे त्याची क्षमता संपते. मग प्रत्येक स्निग्ध जेवणाची भर रक्तातच साठते आणि आकडा पायऱ्या न चढता उडी मारतो: सोमवारी ७००, लग्नाचं जेवण आणि दारू झाल्यावर गुरुवारी २५००. स्वादुपिंडाला सूज येते ती इथे. त्यामागे बहुतेकदा जन्मजात कल असतोच. वर अनियंत्रित साखर, दारू, गरोदरपणाचे शेवटचे महिने, इस्ट्रोजेन, स्टेरॉइड, मुरुमांसाठी घेतलेलं आयसोट्रेटिनॉइन किंवा मानसिक आजारावरचं ओलान्झापीन यांतलं काहीतरी भर घालतं.

आहाराचा सल्ला इथेच उलटतो. ३०० वाल्या व्हीएलडीएलच्या रुग्णाला तेल बंद करायला सांगितलं की तो पोट भरायला भात, पोहे, साबुदाणा आणि फळांचा रस वाढवतो, आणि यकृत त्यातूनच व्हीएलडीएल बनवतं. त्याचे साखर, पिष्ट आणि दारू कमी करायचे असतात; शेंगदाणे किंवा मासे नव्हेत. उलट १५०० वाल्याला सगळंच स्निग्ध तोडावं लागतं, ऑलिव्ह तेल आणि बदामसुद्धा. लायपेझच जन्मजात नसलेल्या टाइप १ मध्ये दिवसाला १५-२० ग्रॅम चरबी हीच मर्यादा, म्हणजे दिवसभराच्या स्वयंपाकात मिळून चार चहाचे चमचेही तेल नाही, कारण दूध-डाळीतली चरबीही यातच मोजायची. इथे एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीच्या चरबीचं) तेल चालतं, ते कायलोमायक्रॉनमध्ये न जाता सरळ यकृताकडे जातं. पण खोबरेल म्हणजे एमसीटी तेल नव्हे. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि त्यातलं पुष्कळसं कायलोमायक्रॉनच्याच वाटेनं जातं. कोकणात-गोव्यात हे स्पष्ट सांगावं लागतं.

अशा दुधाळ रक्तावरचे बाकीचे आकडेही जपून वाचावेत. सोडियम खोटं कमी येतं, कारण मोठ्या मशीन सीरम पातळ करून मोजतात आणि चरबीनं अडवलेली जागा पाणी समजतात. ब्लड गॅसच्या मशीनवर खरं कळतं. हिमोग्लोबिन खोटं जास्त येतं, एमसीएचसी (तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनची घनता) ३७ च्या वर गेलं की समजावं. सर्वांत घातक म्हणजे ॲमायलेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम: स्वादुपिंड सुजलेलं असूनही नॉर्मल येऊ शकतं. पोटात कळा आहेत आणि सीरम पांढरं आहे, तर स्वादुपिंडाच्या लायपेझची तपासणी करा, गरजेप्रमाणे सीटी करा, ॲमायलेजवर थांबू नका.

औषधांत फेनोफायब्रेट पहिलं. क्रिएटिनिन आधी आणि नंतर बघायचं, ते थोडं चढतं. स्टॅटिनसोबत (कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्या) जेमफायब्रोझिल नको, स्नायू विरघळू शकतात. ओमेगा-३ चा परिणाम २ ते ४ ग्रॅम ईपीए-डीएचएला (ओमेगा-३ मधली दोन कामाची आम्लं) दिसतो. दुकानातल्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ते बऱ्याचदा ३०० मिलिग्रॅमच असतात, तेव्हा 'रोज एक' घेऊन काही होत नाही. टाइप १ ला यांतलं काहीच फारसं लागू पडत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी झाली की फोन येतो: ट्रायग्लिसराइड १४०० वरून ३५० झालं, पण एलडीएल ५५ वरून १२० कसं? आधी व्हीएलडीएल अडकून पडलं होतं, एलडीएलपर्यंत पोचतच नव्हतं. आता वाट मोकळी झाली. फेनोफायब्रेट बंद करू नका, नॉन-एचडीएल बघा आणि जास्त असेल तर स्टॅटिन जोडा.