साध्या मांजाची पतंग आधी कटते

१५ जानेवारी, रात्री साडेदहा

कालची संक्रांत इथेच नागपुरात, महालात माहेरी झाली. मांजाच्या भीतीने उड्डाणपूल बंद होते म्हणून त्रिमूर्ती नगरातून खालच्या रस्त्यानेच गेले. गळ्याला दुपट्ट्याचे तीन वेढे, जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत, त्यावर हेल्मेट. जानेवारीभर मी अशीच निघते.

दोन वर्षांपूर्वी काय झालं ते वहीत कधी नीट लिहिलंच नाही. मेडिकल चौकाच्या अलीकडे हनुवटीखाली काहीतरी गार लागलं. एका हाताने ब्रेक दाबला, दुसऱ्या हाताने ते ओढायला गेले आणि दोरा थेट बोटाच्या पेरात शिरला. दुखलं नाही. हातमोजा ओला वाटला, तो काढला तेव्हा रक्त दिसलं. चार टाके पडले. दुपट्ट्याचे दोन पदर कापले गेले होते, तिसरा शाबूत होता. तो दुपट्टा मी अजून फेकलेला नाही.

आणि काल गच्चीवर भाच्याच्या हातात तोच दोरा. हिरवट, चकाकणारा. बोटाला गुंडाळून हलकेच ताणला तरी चामडी पांढरी पडते, पण तुटायचं नाव नाही.

"दादा, हा नायलॉन आहे."

"जाऊ दे ना आता. एका दिवसाचा सण. सगळेच उडवून राहिले."

माझा दादा म्हणजे घरपट्टी मुदतीच्या आधी भरणारा माणूस. माझ्या बोटाचे टाके काढायला मला गाडीवर घेऊन गेला होता तोच. तो वाईट नाही, हे मला कोणी सांगायची गरज नाही. म्हणूनच रात्रभर झोप लागली नाही.

भाच्याला विचारलं, साधा मांजा का नाही रे घेतला? बारा वर्षांचं पोर, सरळ बोललं. "आत्या, साध्याने आपण कोणाची काटूच शकत नाही. आपलीच कटते. दोन मिनिटात."

हे मी आज दिवसभर डोक्यात घोळवते आहे. आकाशात शंभर पतंगा आणि त्यातल्या साठ नायलॉनच्या, तर साध्या मांजावाला पोरगा करणार काय? त्याने नियम पाळला, आणि पाळला म्हणूनच तो हरला. वर शेजारच्या गच्चीवरून "ओ काऽऽट" ऐकून घ्यायचं. पुढच्या वर्षी तो काय विकत घेईल हे सांगायला ज्योतिषी नको.

सकाळी सहाला सिग्नलवर माझं हेच होतं. लाल दिवा लागला म्हणून थांबले की मागचा हॉर्न वाजवतो, बाजूने जाणारा माझ्याकडे असा बघतो की जणू माझी गाडीच बंद पडली. थांबणारी मी एकटी, म्हणजे अडथळा मीच. दंडाची भीती वेगळी गोष्ट. पाळणाऱ्याला आपण एकटे पडलो, फसलो, असं वाटू नये, यासाठी कायद्याची अंमलबजावणी लागते. मोडणाऱ्याला शिक्षा देणं हा तिचा अर्धाच भाग झाला, असं मला आता वाटायला लागलं आहे.

कायदा नाही असं तर नाहीच. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्येच नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. आमच्या इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका चालवली. न्यायाधीश सिव्हिल लाइन्समध्ये बसून प्रशासनाला जाब विचारतात, पोलीस चक्र्या जप्त करतात, पेपरात ढिगाऱ्याचे फोटो येतात. पण हे सगळं डिसेंबरच्या शेवटी सुरू होतं. तोवर माल गावात येऊन, दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसलेला असतो. जूनमध्ये गोदामाकडे कोण बघतं?

खर्ऱ्याचं, म्हणजे आमच्याकडे तंबाखू-सुपारी घोटून खातात त्याचं, तेच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली असा आदेश एका वेळी वर्षभरापुरताच काढता येतो, म्हणून तो दर वर्षी नव्याने काढतात. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुपारीही त्यात आली. आणि आमच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावर सकाळी सातपासून पन्नीत खर्रा घोटायचा आवाज चालू.

लोक म्हणतात, आपली माणसंच तशी, शिस्त रक्तातच नाही. मला हे अजिबात पटत नाही. तोच खर्रा खाणारा माणूस मेट्रोत चढतो तेव्हा तोंड रिकामं करून येतो. दारात पिशवी तपासली जाते, फलाट स्वच्छ असतो, बाकीचे कोणी थुंकत नाहीत, मग तोही थुंकत नाही. स्टेशनाच्या जिन्याखाली उतरला की पुन्हा पचकन. माणूस तोच, रक्त तेच.

आणि सरकारला जमत नाही म्हणावं, तर डिसेंबरात बघा. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं. ते जवळ आलं की सिव्हिल लाइन्सचे खड्डे बुजतात, फुटपाथवरचे ठेले उचलले जातात, प्रत्येक चौकात पोलीस उभे. दोन आठवडे शहर कायद्याने चालतं. पाहुणे गेले की पंधरा दिवसात सगळं जागच्या जागी. उचलले गेलेले ठेलेवालेही हे ओळखून असतात, त्यांनी सामान नातेवाइकाकडे ठेवलेलं असतं. मला त्यांची चीड येत नाही, त्या गरिबांनी जायचं कुठे? पण पाहुण्यांसाठी पाळायचा कायदा आमच्यासाठी का नाही, याची चीड येते. बाकीचे पन्नास आठवडे आम्ही राहतोच ना इथे?

आता माझं स्वतःचं. टाके पडले त्या आठवड्यात मी एका पोलीस ठाण्यात गेले होते. मांजा कोण विकतं ते माहेरच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानात साधा मांजा दाखवतात आणि हळूच विचारतात, "आतला पाहिजे का?" ठाण्यातला माणूस नीट बोलला. म्हणाला, ताई, नाव-पत्त्यानिशी लेखी द्या, आणि साक्षीला यावं लागेल. मी म्हटलं, उद्या देते. दुकानदार बाबांना ओळखायचा, बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला होता. आईला रोज त्याच्या दारावरून भाजीला जावं लागतं. मी गेलेच नाही.

दोन वर्षांत त्या दुकानातून किती चक्र्या गेल्या असतील? त्यातली एक काल माझ्याच भाच्याच्या हातात होती. त्यानेच सांगितलं, कुठून आणली ते.

काल ती चक्री मी त्याच्याकडून मागून घेतली. दादा चिडला, वहिनी मधे पडली, तिळगूळ हातातच राहिला. मग मी साध्या मांजाची चक्री आणि वीस पतंगा आणून दिल्या आणि संध्याकाळपर्यंत चक्री धरून त्याच्या मागे उभी राहिले. चौदा कटल्या. प्रत्येक वेळी तो नवी कन्नी बांधायचा आणि माझ्याकडे बघायचा. एक त्यानेही काटली, समोरच्या गच्चीवरची, तीही साध्या मांजाचीच. तेव्हा ओरडला तो!

नायलॉनची चक्री पेपरात गुंडाळून टेबलावर ठेवली आहे. शेजारी अर्ज. एक पानाचा झाला. दुकानाचा पत्ता लिहिला, तारीख लिहिली, खाली माझं नाव आणि घरचा पत्ता. सही केली.

सकाळी दहाला ठाण्यात जायचं आहे. त्याआधी आईला फोन करायला हवा. दादाला काय सांगायचं ते अजून ठरत नाही.