आमची वाटचाल : बंदीत इंजिन कोरडं ठेवण्याचं काम

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ आमचं वर्कशॉप सुरू झालं ते बोटींच्या इंजिनदुरुस्तीसाठी. सगळी गर्दी ऑगस्टमध्ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि बंदी उठली की इंजिन फिरायलाच तयार नाही. हेड (सिलिंडरचं झाकण) उतरवलं की लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, पिस्टनच्या रिंगा टेकल्या होत्या तिथे गंजाचं कडं दिसायचं.

लोक पावसाला दोष देतात, पण आधी मीठ बघावं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याखाली क्वचितच उतरते. म्हणून आता आमचा मुख्य हंगाम मे अखेर : इंजिन धुऊन, तेल पाजून, सील करून ठेवायचं.

पद्धत विमानांच्या पिस्टन इंजिनांची. तिथे सिलिंडरमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल (गंज रोखणारं तेल) फवारतात, स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे प्लग बसवतात आणि प्रोपेलरवर ‘फिरवू नका’ अशी पाटी लावतात. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, म्हणून आम्ही जेलच्या पिशव्या इनलेट आणि एक्झॉस्टच्या तोंडात ठेवून तोंडं टेपने बंद करतो. ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी, तीही बंद.

त्याआधी इंजिन पूर्ण तापवून जुनं ऑइल गरम असतानाच काढतो, कारण त्यात आम्ल आणि पाणी साठलेलं असतं. नवीन फिल्टर आणि प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल घालून, खाऱ्या पाण्याच्या बाजूने गोडं पाणी सोडून थोडा वेळ चालवतो. मग खालचे ड्रेन उघडायचे, इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) काढून ठेवायचा. दोन महिने दबून राहिली की त्याची रबरी पाती वाकडीच राहतात. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ३० मिली तेल, हाताने दोन फेरे, आणि त्यानंतर फ्लायव्हीलला (इंजिनाच्या जड चाकाला) हात लावायचा नाही. फिरवलं की रिंगा तेलाचा थर पुसून काढतात. डिझेलची टाकी काठोकाठ भरलेली बरी, रिकाम्या जागेत दव धरतं.

‘आठवड्याला पाच मिनिटं चालू करतो’ असं मालक सांगतात. हे अजिबात करू नये. लिटरभर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. त्यातली थोडी वाफ रिंगांवाटे खाली उतरते, आणि पाच मिनिटांत ऑइल ती उडवण्याइतकं तापत नाही. पाणी सम्पमध्येच, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या भांड्यातच, राहतं.

निळं जेल ओल शोषून गुलाबी झालं की पिशवी बदलायची. जेल १२० अंशांवर दोन-तीन तास भाजलं की पुन्हा निळं होतं. प्रत्येक पिशवीची लाल फीत बाहेर लोंबती ठेवतो, म्हणजे जुलैअखेर एकही आत विसरत नाही. तेव्हा सील काढून आधी नोझलविना इंजिन फिरवायचं. सिलिंडरमध्ये साठलेलं तेल दबत नाही, तसंच स्टार्टर मारला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. तेल उडून गेलं की नव्या तांब्याच्या वॉशरवर नोझल बसवायचे.