दोन रुपयांचा डायोड

बॉस कंपनीचं डीएस-वन हे गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये जोडायचं, आवाज बदलणारं पेडल. त्याच्या तळाला चार स्क्रू असतात आणि सगळी भानगड त्या चार स्क्रूंपासून सुरू होते. साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने ते निघतात. पत्रा बाजूला झाला की आत सर्किटची पाटी दिसते, तिच्यावर डाळीच्या दाण्याएवढे कंडेन्सर, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, आणि बघणाऱ्याच्या मनात हमखास एकच वाक्य येतं: यात काय एवढं! हे नारिंगी खोकं १९७८ पासून बाजारात आहे. इतक्या वर्षांत त्यातला कुठला भाग बदलला की काय होतं हे जगभरच्या हौशी लोकांनी करून पाहिलंय, त्यामुळे वाट मळलेली आहे. फक्त ठरवायचं असतं की चालायचं आपण, की टेक्निशियनला पैसे देऊन त्याला चालवायचं.

सगळ्यात सोपा बदल डायोडचा. डीएस-वनमध्ये गिटारचा सिग्नल आधी भरपूर मोठा केला जातो आणि मग दोन बारीक सिलिकॉन डायोड त्याचे शेंडे छाटतात. सहा-सात दशांश व्होल्टच्या वर गेलेलं सगळं सपाट. हे सपाट झालेले शेंडे म्हणजेच डिस्टॉर्शन. आता त्या डायोडच्या जागी दोन लाल एलईडी लावल्या तर छाटणी पावणेदोन व्होल्टच्या आसपास सुरू होते. शेंडे कमी कापले जातात, बोटाचा जोर जास्त कळतो, आवाज मोकळा वाटतो. जर्मेनियमचे डायोड लावले तर उलट, तीन दशांश व्होल्टलाच कात्री. सिलिकॉनचा डायोड किंवा लाल एलईडी रुपया-दोन रुपयांना मिळते. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. जर्मेनियमला थोडं शोधावं लागतं, पण तेही मिळतं.

आणि याच कामाची टेक्निशियनची मजुरी ऐकली की आपला मराठी माणूस जागा होतो. दोन रुपयांच्या वस्तूला एवढे? नुसता डाग द्यायचे?

म्हणून तो सोल्डरिंग आयर्न आणतो. साधा आणला तर टोक कधी थंड, कधी लालभडक, मग तापमान ठरवता येणारा आणतो. जुना डायोड काढायला सक्शन पंप, पंपाने न निघालेली कथील टिपायला तांब्याची जाळीची पट्टी, फ्लक्स, मल्टिमीटर, बारीक कातरी, आणि पाटी धरून ठेवायला ते दोन चिमट्यांचं स्टँड, ज्याला भिंगही असतं आणि ज्या भिंगातून कुणीच कधी बघत नाही. स्वतः केलं की पैसे वाचतात, हे वाक्य एवढी सामग्री घेऊन झाल्यावर कुणी बोलत नाही. मग आपण म्हणतो, आता पुढच्या सगळ्या पेडलांना हे उपयोगी पडेल, आणि ते खरं ठरावं म्हणून पुढची पेडलं घेतो.

पण पैशांचा हिशोब मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. हौशीला मोल नसतं, हे आपल्याकडे ट्रेकिंगचे बूट घेणाऱ्यांनी केव्हाच सिद्ध केलंय. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. आपण स्वतः बदललेलं पेडल आपल्याला खरंच ऐकू येतं का?

एलईडीचंच बघा. छाटणी उशिरा होते म्हणजे बाहेर पडणारा सिग्नल मोठा असतो. नॉब होते तिथेच ठेवून पेडल लावलं तर ते आधीपेक्षा सरळ सरळ मोठ्याने वाजणार. आणि जरा मोठा आवाज माणसाच्या कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो, जास्त भरदार, जास्त स्पष्ट. त्यात दोन तास मान मोडून काम केलेलं, राळेचा धूर नाकात गेलेला, बोटाला एक चटका बसलेला. अशा माणसाने पहिला ई कॉर्ड वाजवला की तो "वा!" म्हणणारच. त्याच्या जागी खुद्द न्यायदेवता असती तरी "वा" म्हणाली असती.

याचा कळस पाहायचा तर आयबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर या पेडलाकडे जावं लागतं. १९७९ चं टीएस-८०८ आणि १९८२ चं टीएस-९ ही दोन हिरवी भावंडं. आतली मांडणी जवळपास एकच. नाव घेण्यासारखा फरक सगळ्यात शेवटी, आवाज बाहेर पडतो तिथे, फक्त दोन रेझिस्टरांचा: ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० किलोओहम, ९ मध्ये ४७० ओहम आणि १०० किलोओहम. हे दोन बदलले की तुमचं नऊ आठशेआठ झालं. हा बदल स्वतः करणारे लोक शपथेवर सांगतात की आवाजात मध उतरला. आवाज घडवायचं सगळं काम त्या जागेच्या आधीच उरकलेलं असतं, हे त्यांना सांगून काही उपयोग नसतो. शिवाय चिप बदलायची असते. जेआरसी ४५५८ ही एकेकाळी रेडिओ-टेपरेकॉर्डरसारख्या उपकरणांतही सर्रास असणारी साधी आयसी; तिची जुनी आवृत्ती मिळवण्यासाठी लोक घरदार विकायला निघतात.

त्याच पेडलात खरोखर फरक पाडणारा एक भाग आहे आणि त्याची कीर्ती मात्र एवढी नाही. ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरबरोबर बसलेला असतो. या जोडीमुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी वाढवले जातात, म्हणून त्यांना कात्रीही कमी लागते. कंडेन्सर ०.१ चा केला की ही सीमा ३४० च्या आसपास उतरते आणि आवाज एकदम जाडजूड होतो. घरात एकट्याने वाजवताना फार सुख वाटतं. बँडमध्ये मात्र तिथे आधीच बास गिटार आणि ड्रमची मोठी किक बसलेली असते आणि आपला जाडजूड आवाज त्यांच्यात मिसळून नाहीसा होतो. मूळ आखणी करणाऱ्याला हे कळत होतं. रात्री अकरा वाजता बेडरूममध्ये सोल्डरिंग करणाऱ्याला ते कळायला जागाच नसते.

मोठ्या वादकांनी काय केलं? जिमी हेंड्रिक्सने आयर्न हातात घेतलं नाही. १९६७ मध्ये त्याला रॉजर मेयर भेटला, ब्रिटिश नौदल खात्यात ध्वनीवर काम केलेला तरुण, आणि त्याने हेंड्रिक्ससाठी ऑक्टेव्हिया हे एक सप्तक वरचा सूर जोडणारं पेडल घडवलं, आवाज खरखरीत करणारी फझची पेडलंही जुळवून दिली. त्या काळच्या फझमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत, प्रत्येकाचा स्वभाव निराळा, त्यात उष्णतेने बिघडणारे. (पुण्याच्या एप्रिलमध्ये असं पेडल दुपारी एक वाजतं आणि रात्री दुसरंच, हा अनुभव फुकट मिळतो.) शंभरातले चांगले दोन निवडून काढणं हे वादकाचं काम नव्हतं. उलट टोकाला क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे. १९६३ पासून वडिलांबरोबर घरी बसून त्याने आख्खी गिटार बनवली, अजून तीच वाजवतो. असा माणूस स्वतःची छोटी पेडलं तर चुटकीसरशी करेल असं वाटतं, पण त्याचे वरचे सूर वाढवणारे ट्रेबल बूस्टर पीट कॉर्निश नावाच्या कारागिराने करून दिलेले. सुतारकाम येत असूनही काही कामं दुसऱ्याच्या हातात द्यावीत असं त्याला वाटलं असणार.

आपल्याकडे हा प्रश्न मिरजेने फार पूर्वी सोडवलाय. तानपुऱ्याची जवारी गवई स्वतः काढत नाहीत. घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा घासायचा आणि तारेचा झंकार जागवायचा, हे कारागिराचं काम. त्यासाठी तानपुरा मिरजेला जातो किंवा कारागीर गावोगाव येतो. पण तारेखालचा दोरा मात्र गवई स्वतःच सरकवतो, रोज, प्रत्येक मैफलीआधी. तो कारागिराला विचारायला जात नाही आणि कारागीरही त्यात बोलत नाही.

माझे टेक्निशियन काका मूळचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले. कपॅसिटरला अजून कंडेन्सरच म्हणतात आणि गिटार वाजवता येत नाही. मला सुरुवातीला ही उणीव वाटायची, आता तोच त्यांचा मोठा गुण वाटतो. पेडल पुढे ठेवलं की ते आधी विचारतात, "कुठल्या अँपवर वाजवता? मागून काही जोडलंय का?" मग, "आधी दोन्हीचा आवाज सारखा करा, मग सांगा काय आवडत नाही." अर्ध्या वेळा आवाज सारखा केल्यावर न आवडण्यासारखं काही उरत नाही, आणि काका पेडल न उघडताच परत देतात. तपासणीचे पैसे घेतात, थोडे. हे पैसे मी कुरकुर न करता देतो. सोल्डरिंग मलाही जमतं. माझ्या पेडलावर प्रेम नसलेला कान मला घरी मिळत नाही.

असं असलं तरी हौसेच्या बाजूने मी हात वर करीन. ज्याने एकदाही आतली पाटी पाहिली नाही त्याच्याशी काका नीट बोलू शकत नाहीत. "जरा गरम पाहिजे, पण थंड नको," असं गिऱ्हाईक सांगतं आणि काका छताकडे बघतात. बॅटरीची तुटलेली वायर, सैल झालेला जॅक, खरखरणारा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर), एवढं प्रत्येक वादकाला यायलाच हवं. त्यासाठी पेडल कुरियरने पाठवणं हा आळस आहे. आणि कोरी पाटी घेऊन एखादं साधं फझ पहिल्यापासून जोडण्यात जो आनंद आहे तो विकत मिळत नाही. अमेरिकेत रॉबर्ट कीलीसारख्यांनी दुसऱ्यांची पेडलं सुधारता सुधारता स्वतःचे कारखाने काढले. मात्र त्यांच्या हातचं डीएस-वन जुन्या बाजारात कोऱ्यापेक्षा जास्त भाव खातं आणि तुमच्या-माझ्या हातचं निम्म्याने जातं, एवढं लक्षात असू द्यावं. नव्या पेडलांत तर तांदळाच्या कणीएवढे एसएमडी, म्हणजे पाटीच्या पृष्ठभागावरच डागलेले भाग असतात. चाळिशीच्या चष्म्याने तिथे जाऊ नये.

माझ्या क्राय बेबी वाहचं, म्हणजे पायाने दाबत 'वा-वा' असा आवाज काढायच्या पेडलाचं काम गेल्या पावसाळ्यात निघालं. या पेडलात कॉइलला समांतर एक ३३ किलोओहमचा रेझिस्टर असतो. तो वाढवला की वाहचा तोंड उघडल्यासारखा आवाज जास्त टोकदार होतो, कमी केला की बोथट. किती वाढवायचा? मला सत्तेचाळीस हवा होता, दुसऱ्या दिवशी अडुसष्ट, तिसऱ्या दिवशी पुन्हा विचार बदलला. काकांना फोन केला. ते म्हणाले, "घेऊन या, रोज बदलणार असाल तर तसंच करू." त्यांनी ३३ चा रेझिस्टर काढला आणि तिथे एक छोटा ट्रिमर, म्हणजे ओहम कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर बसवला, खालचा पत्रा काढला की बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवता येईल असा. पेडल हातात देताना म्हणाले, "माझं काम झालं. आता तुमचं तुम्ही फिरवत बसा."

तो ट्रिमर माझ्या खोलीत एका जागी बरा वाटतो आणि सरावाच्या हॉलमध्ये थोडा मागे घ्यावा लागतो. ड्रमवाल्याचं म्हणणं, त्याला दोन्हींत काही फरक ऐकू येत नाही.