वसईतली वाडी आधी सातबाऱ्यावर विकली जाते

18 गुंठे वाडी, म्हणजे घराजवळची बागायत. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. मागे आजी, तीन मुलगे, दोन मुली. जमीन आजोबांच्या स्वकष्टाची असेल आणि घर हिंदू असेल तर सहा सारखे हिस्से, प्रत्येकी 3 गुंठे. त्यातला एक मुलगा बायको आणि दोन मुलं मागे ठेवून गेला की त्याच्या 3 गुंठ्यांचे चार वाटे होतात, कारण त्याची आई, म्हणजे आजी, हीसुद्धा वारस. म्हणजे नातवाच्या वाट्याला पाऊण गुंठा, सुमारे 817 चौरस फूट, आणि तोही नक्की कुठला ते कोणीच सांगू शकत नाही. माडाच्या रांगेतला की विहिरीकडचा? सातबाऱ्यावर नुसतं नाव असतं.

ख्रिस्ती कुटुंबात हिशेब वेगळा. तिथे 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो: विधवेला एक तृतीयांश, उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे-मुली सारखे. त्याच वाडीत आजीचे 6 गुंठे आणि पाच मुलांचे प्रत्येकी 2.4. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशीपर्यंत, दोन्ही प्रकारची घरं एकमेकांना लागून आहेत. शेजाऱ्याने केलं तसंच आपण करायचं म्हणून पुष्कळ कागद चुकतात, त्याचं एक कारण हे.

भाव वाढले म्हणून स्थानिक बाहेर पडले असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. भाव वाढण्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. विरारपर्यंत विजेची गाडी 1936 मध्ये आली, बोरिवली-विरार चार मार्ग 2007 मध्ये झाले, 2024 मध्ये वसई-भाईंदर रो-रो (गाड्या नेणारी बोट) सुरू झाली. मुंबईत पगार आणि इथे झोप, हे गणित जितकं सोपं होत गेलं तितकी जमीन चढत गेली. पण ज्याच्याकडे स्वतःची जमीन आहे त्याला भाव वाढल्याने बाहेर जावं लागायचं कारण नाही. तो बाहेर जातो, कारण जमीन नांदती राहत नाही आणि कागद एकत्र राहत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम होतात.

आधी जमिनीचं. वसईची वाडी बावखलावर जगायची. बावखल म्हणजे वाडीतलं मोठं, मातीच्या काठाचं तळं. पावसाळ्यात भरतं आणि हळूहळू जमिनीत झिरपत राहतं. समुद्र इतका जवळ असताना विहिरीचं पाणी गोड राहायचं ते या झिरपण्यामुळे. खाली खारं पाणी, त्याच्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा थर. वरून भर थांबली किंवा बोअर मारून उपसा वाढला की हा थर पातळ होतो आणि खारं पाणी वर चढतं. वाढत्या वस्तीला टँकरने पाणी पुरवण्यासाठी इथल्या विहिरी आणि बोअर उपसले गेले, दुसरीकडे बावखलं भरणी टाकून बुजवली गेली. खारेपणाची पहिली खूण केळीवर दिसते. पानाची कड करपते, मग पान आत वळतं. पानवेल आणि जुई त्याहून नाजूक. ज्या घरातली बाई पहिल्या लोकलने फुलं घेऊन दादरला जात होती, त्या घराला एका मोसमात कळतं की वाडीतून आता खर्चही सुटत नाही. मग ‘पडीक आहे, विकून टाकू’ हे वाक्य घरातूनच निघतं. दलालाला ते बोलावं लागत नाही.

पुष्कळ बावखलांवरचा हक्क सामाईक असतो, तीन-चार घरांचा. एका घराने आपल्या बाजूने भरणी सुरू केली की बाकीच्यांचं पाणी जातं. अशा वेळी तोंडी भांडून उपयोग नाही. भरणीचा ट्रक दिसला त्या दिवशी तारखेसह फोटो, ग्राम महसूल अधिकारी आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. तळं पूर्ण बुजल्यावर ते तिथे होतं हे सिद्ध करायला जुना मोजणी नकाशा लागतो, आणि पुष्कळ नकाशांत बावखल दाखवलेलंच नसतं.

आता कागदाचं, कारण खरी गळती इथे आहे.

सातबारा उघडा आणि तीन गोष्टी पाहा. पहिली, मोठ्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ आहे का. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून त्याचं एकट्याचं नाव लागलं आणि बाकीचे भाऊ कागदावर आलेच नाहीत, असं जुन्या नोंदींत सर्रास आहे. दुसरी, बहिणींची नावं कुठे आहेत. कब्जेदार सदरी (मालकांच्या रकान्यात) नसून ‘इतर अधिकार’मध्ये असतील तरी त्यांचा हक्क कमी होत नाही, फक्त सगळे तसं समजून चालतात. तिसरी, भोगवटादार वर्ग. कुळ कायद्याने मिळालेली जमीन असेल तर कलम 43 चा शेरा असतो, म्हणजे परवानगीशिवाय विक्री नाही. 32 म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) 10 वर्षं झाली असतील तर 2014 च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या (जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या) 40 पट नजराणा भरून तो अडसर निघतो. आकार काही रुपयांत असतो, त्यामुळे रक्कम किरकोळ. दलाल मात्र याच शेऱ्याचा बाऊ करून भाव पाडतो. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी: जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीकडे जात नाही, कितीही साठेकरार (विक्रीचे आगाऊ करार) केले तरी.

वारसनोंद राहिली असेल तर आधी ती करा. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज. नोटीस निघते, 15 दिवस हरकतीची मुदत, मग मंडळ अधिकारी फेरफार (नावबदलाची नोंद) प्रमाणित करतो. कोणी हरकत घेतली की ती तक्रारी नोंद होते आणि महिने जातात. म्हणून अर्ज करण्याआधी सगळ्यांना, पुण्याच्या आत्याला आणि दुबईच्या काकालाही, कळवलेलं बरं. फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं मात्र नाही. ती महसुलापुरती नोंद आहे.

बाहेरचा माणूस वाडीत कसा शिरतो? सगळी वाडी विकत घेऊन नाही. एका हिस्सेदाराचा अविभक्त हिस्सा घेऊन. ज्याला पैशांची निकड आहे किंवा जो कधीचा गाव सोडून गेला आहे, त्याच्याकडे आधी माणूस पोचतो. हिस्सा बाजारभावापेक्षा बराच खाली जातो, कारण वाटणी झालेली नसते. घेणारा एकदा सहहिस्सेदार झाला की त्याच्या सहीशिवाय बाकीच्यांची सुटका नाही. मोजणी अडते, कर्ज अडतं, घर वाढवायचं म्हटलं तरी अडतं. मग दोन-तीन वर्षांनी तोच माणूस उरलेल्यांना भाव सांगतो.

यावर कायद्यात उपाय आहेत आणि ते फार कमी वापरले जातात. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 22 सांगतं की पहिल्या वर्गाच्या वारसांना (विधवा, मुलं, आई वगैरे) एकत्र मिळालेल्या मिळकतीतला आपला हिस्सा कोणी एक वारस विकणार असेल तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा. किमतीवर एकमत नसेल तर न्यायालय ठरवतं. हे शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. ख्रिस्ती कुटुंबांना कलम 22 नाही. पण राहत्या घराबाबत धर्म कुठलाही असो, दोन तरतुदी आहेत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे कुटुंबाबाहेरच्या खरेदीदाराला अविभक्त कुटुंबाच्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. आणि त्याने वाटणीचा दावा लावला तर 1893 च्या वाटणी कायद्याचं कलम 4 कुटुंबातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत विकत घेऊ देतं. या सगळ्याला पैसे लागतात हे खरंच. म्हणून विक्रीची कुणकुण लागताच वकिलामार्फत नोटीस द्यावी. खरेदीखत नोंदल्यावर धावाधाव केली तर खर्च कितीतरी पट होतो.

त्याहून बरं म्हणजे सगळे जिवंत आणि बोलते असतानाच वाटणी. आधी झोन दाखला काढा. जमीन शहराच्या विकास आराखड्यात रहिवासी पट्ट्यात आहे की हरित पट्ट्यात, यावर पुढचं ठरतं. हरित पट्ट्यात लहान तुकड्यांची वाटणी तुकडेबंदीत (शेताचे फार लहान तुकडे करू न देणाऱ्या कायद्यात) अडकते. शेतजमिनीची वाटणी संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे होते, सगळ्या सहधारकांच्या संमतीने. एकाने सही नाकारली तर दिवाणी दावा. वाटणीनंतर मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घेतल्याशिवाय कामाला पूर्णविराम देऊ नका. वाट, विहीर आणि बावखल सामाईक ठेवायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, वाटेची रुंदी फुटांत लिहून. ‘वहिवाटीप्रमाणे’ हा शब्द पुढच्या पिढीला कोर्टात नेतो.

आणि हक्कसोड पत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त. वडिलोपार्जित मिळकतीत भावा-बहिणींमध्ये, मोबदला न घेता केलं तर मुद्रांक 500 रुपये. ऑक्टोबर 2024 पूर्वी तो 200 होता. हे नोंदवावंच लागतं, नुसतं नोटरी केलेलं चालत नाही. बहिणीला पैसे देऊन वर ‘विनामोबदला’ लिहायची पद्धत आहे. उद्या तिने किंवा तिच्या मुलांनी आव्हान दिलं तर दिलेल्या पैशाचा पुरावाच नसतो. बहिणीची सही गोड बोलून, ‘एक औपचारिकता आहे’ म्हणून घेणारे भाऊ थोडे नाहीत, आणि कटू असलं तरी हे लिहायला हवं: पुष्कळ घरांत पहिली स्थानिक व्यक्ती बाहेर पडते ती अशी, भाव वाढण्याच्याही आधी.

वाडी विकायची नाही पण विकासकाला द्यायची, हा मधला मार्ग बरेच जण धरतात. विकसन करारनाम्यासोबत कुलमुखत्यारपत्र मागितलं जातं, ते सगळ्यात जपून वाचायचं. त्यात ‘विक्री करणे, गहाण ठेवणे’ हे अधिकार तुमच्या वाट्याच्या फ्लॅटांनाही लागू होत नाहीत ना, ते पाहा. तुमचं क्षेत्र टक्क्यांत लिहू नका. फ्लॅट क्रमांक, मजला आणि रेराप्रमाणे (बांधकाम व्यवसायाच्या नियमनाचा कायदा) चटईक्षेत्र लिहा, मंजूर नकाशाची प्रत जोडून. मुदत कराराच्या तारखेपासून धरायची की बांधकाम परवानगीपासून? विकासक नेहमी दुसरं सुचवतो. परवानगी चार वर्षं आली नाही तर तुमची मुदत सुरूच होत नाही आणि जागा अडकलेली. परवानगी मिळवण्याची वेगळी मुदत आणि ती चुकली तर करार आपोआप रद्द, हे कलम हवंच. बांधकाम होईपर्यंत विकासकाने द्यायच्या भाड्याचे पैसे पुढच्या तारखांच्या धनादेशांत घेऊन भागत नाही, बँक हमी मागा. क्षेत्राचा वाटा घेणारा जमीनमालक महारेरात (रेराचं राज्यातलं प्राधिकरण) प्रवर्तक म्हणून धरला जातो, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींत तुमचंही नाव येऊ शकतं. हे करारावर सही करताना बहुतेकांना माहीत नसतं.

कराबद्दल थोडक्यात. ‘शेतजमिनीवर कर नाही’ हा समज महापालिका हद्दीत चालत नाही. वसई-विरार महापालिका 3 जुलै 2009 ला झाली, तिच्या हद्दीतली शेतजमीन भांडवली मत्ता आहे आणि नफ्यावर कर लागतो. जुन्या जमिनीसाठी 1 एप्रिल 2001 चं मूल्यांकन अधिकृत मूल्यांककाकडून आधीच करून घ्या. विक्रीचे पैसे हातात आल्यावर, लग्न आणि गाडी झाल्यावर सीएकडे जाणारे फार.

आता परतीचा रस्ता. हिस्सा विकलेल्याला त्याच गावात फ्लॅट घ्यायचा आहे. समजा 45 लाखांचा. बँक जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 36 लाख. हातचे 9 लाख, वर मुद्रांक 6 ते 7 टक्के म्हणजे सुमारे 3 लाख, नोंदणी शुल्क 30,000; बँक हे शुल्क किमतीत धरत नाही. (घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सूट.) 36 लाखांचा साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता सुमारे 31,200. एकूण फेड जवळपास 75 लाख. इथे स्थानिकाची खरी पंचाईत होते. फुलं, केळी, दूध, मासळी यांची कमाई रोखीत असते, शेतीउत्पन्नावर कर नाही म्हणून विवरणपत्र भरलेलं नसतं, आणि बँकेच्या लेखी त्याचं उत्पन्न शून्याच्या आसपास. अंधेरीत नोकरी करणाऱ्या भाडेकरूला कर्ज मिळतं, वाडीवाल्याला मिळत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: कर्ज लागायच्या किमान तीन वर्षं आधीपासून शेतीउत्पन्न दाखवून विवरणपत्र भरणं आणि विक्रीचे पैसे खात्यातून फिरवणं.

म्हाडाची सोडत हा पर्याय आहे. मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प गटाला वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत, अल्प गटाला 9 लाखांपर्यंत. विरार-बोळींजची घरं पाण्याच्या अडचणीमुळे कितीतरी दिवस पडून होती. पण सोडतीतला ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्राचा अधिवासी. तुमच्या पणजोबांनी इथे रहाट चालवला, याचा त्या अर्जात रकाना नाही.

उरतो तो पूर्वेकडचा स्वस्त फ्लॅट, आणि तिथे धोका मोठा. नालासोपाऱ्यात आरक्षित जागेवरच्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2024 ची अखेर ते 2025 ची सुरुवात या काळात पाडल्या गेल्या. तिथल्या लोकांकडे घरपट्टीच्या पावत्या होत्या, वीजबिलं होती. घरपट्टी भरली म्हणजे इमारत अधिकृत होत नाही. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत विकासकाकडून न घेता, त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन नगररचना विभागात लेखी पडताळा. महारेरा क्रमांक संकेतस्थळावर उघडून सर्व्हे नंबर सातबाऱ्याशी जुळवा, आणि तोच सर्व्हे नंबर विकास आराखड्याच्या नकाशावर शोधा. तिथे रंग आरक्षणाचा निघाला तर टोकन गेलं असं समजा आणि निघा. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.